मागं व्हा

नाना, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी बोलायला मला बळ आणावं लागत नाही. जिवंत माणसांशी बोलायलाच लागतं. दुपारचे दोन वाजलेत. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या या घराबाहेर ऊन आणि दमट हवा यांनी जीव नकोसा केलाय, आत एसी घरघरतोय. तुमची सून आतल्या खोलीत झोपली आहे. ती उठेपर्यंत मला तासभर मिळतो. त्या तासात मी एरवी काहीच करत नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नुसता बसून राहतो. आज ड्रॉवरमधून तुमचा मापं घ्यायचा व्हर्नियर काढून समोर ठेवलाय आणि कागद घेऊन तुम्हाला लिहायला बसलोय. मी इकडे यायला निघालो तेव्हा तुम्ही तो दिला होतात आणि म्हणाला होतात, तिकडं इंच चालतात, यावर इंच-मिलिमीटर दोन्ही आहे. या व्हर्नियरनं मी जे शेवटचं मोजलं ते तुम्हाला आवडणार नाही. मी घरात रिव्हॉल्व्हर आणलं होतं, नाना. भरलेलं.

तुम्ही आयुष्यभर दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसांची मापं तपासलीत. चाळीतल्या लोकांना वाटायचं, हा माणूस मोठा नेमबाज असणार. तुम्ही तर एकदाही चाप ओढला नव्हता. तुमच्या हातात असायचा गेज, त्याला एक जाणारी बाजू आणि एक न जाणारी. काडतुसाची पुंगळी पहिलीत शिरली पाहिजे आणि दुसरीत अडली पाहिजे. दोन्हीकडे शिरली तर बाद, दोन्हीकडे अडली तरी बाद. मी अकरा वर्षांचा असताना टेकडीमागच्या चांदमारीवर, जिथं गोळीबाराचा सराव चालायचा तिथं, मला एक रिकामी पुंगळी सापडली आणि मी ती कंपासपेटीत लपवली. तुम्हाला ती दिसली. तुम्ही ओरडला नाहीत, हात उगारला नाहीत, नुसत्या चपला घातल्यात आणि मला घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेलात. तिथला माणूस तुमच्यापेक्षा वयानं लहान होता. त्यानं माझ्यासमोर तुम्हाला दहा मिनिटं उभं करून सुनावलं आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. परत येताना तुम्ही एकदाच बोललात. म्हणालात, "माप बरोबर आहे की नाही, एवढंच माझं काम. पुढं ते कुठं जातं ते मला दिसत नाही, म्हणून मला घरी झोप लागते. ते घरात आणायचं नाही."

मग आणलंस कशाला, असं तुम्ही विचाराल. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात इथली वीज चार दिवस गेली. या भागात लोकांना उन्हाळ्याची तयारी ठाऊक, थंडीची नाही. पाण्याचे पाइप फुटले, दुकानं रिकामी झाली, आम्ही दोघं घरातल्या सगळ्या रजया अंगावर घेऊन गॅसच्या शेगडीपाशी बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी मागच्या रस्त्यावरच्या एकाच्या अंगणातून चालू जनरेटर कोणीतरी उचलून नेला. झालं, आम्हा रिटायर्ड मंडळींच्या डोक्यात भुंगा शिरला. आमच्यात एक जण तेलाच्या कंपनीतून निवृत्त झालेले आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी पुढाकार घेतला. पाणी किती गॅलन, डाळ-तांदूळ किती, औषधं किती महिन्यांची, अशा याद्या सुरू झाल्या आणि फिरत फिरत गाडी बंदुकीवर आली. ज्यांच्या घरात उंदीर मारायचा म्हटलं तरी चर्चा व्हायची, ती माणसं श्रीखंड खाता खाता बोअरवर, म्हणजे नळीच्या मापावर, वाद घालू लागली. काका म्हणायचे, यार, सगळ्यांनी नाइन एमएमच घेऊ, उद्या दुकानं बंद पडली तर एकमेकांची काडतुसं चालतील. मुद्दा बरोबर होता. मला त्या सगळ्याची मजा वाटत होती हेही खोटं नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मला इंजिनिअर म्हणून काही विचारत होतं.

मी एक्सेलमध्ये तक्ता केला. अकरा रकाने. धक्का किती बसतो, वजन किती, अडचणीच्या काळात काडतुसं मिळतील का, किती दिवस टिकतील, इथल्या पुठ्ठ्याच्या भिंतीतून गोळी शेजारच्या घरात जाईल का. रायफल भिंतीच्या मुद्द्यावर बाद झाली. शॉटगन बाद झाली, तिच्या दणक्यानं आमचे खांदेच आधी निखळले असते. पॉइंट टू-टूची पाचशे बारीक काडतुसं जेवणाच्या डब्यात मावतात, पण खारीसुद्धा तिला भीक घालणार नाहीत असं काकांचं मत पडलं. राहिलं नाइन एमएमचं पिस्तूल. ते दुकानात हिच्या हातात दिलं तर वरचा भाग मागे खेचायला हिला जमेना. बोटांच्या सांध्यांनी दगा दिला. मग मी सगळ्यांच्या विरोधात जाऊन पॉइंट थ्री-एटचं रिव्हॉल्व्हर निवडलं. खेचायचं काही नाही, अडकायचं काही नाही, स्टीलचं, वजनदार, म्हणजे धक्का कमी, आणि काडतुसंही कमी जोराची. ही म्हणत होती, तुला पाहिजे तर घे, मला कशाला. मी म्हटलं, मी काय नेहमी घरी असतो? हिच्या हाताच्या मापाचं हत्यार मी शोधून आणलं. घरी आल्यावर तुमच्या व्हर्नियरनं गोळी मोजली. नावात अडतीस, मापात छत्तीससुद्धा भरत नाही. तुम्ही अख्खा लॉट परत पाठवला असतात.

ते चालवायला शिकण्यासाठी आम्ही दोघं शनिवारचे क्लासला जायचो. शिकवणारी बाई टेक्सासचीच, दणदणीत आवाजाची. ती सांगायची, चाप शेवटी, आधी आवाज. समोरच्याला जोरात सांगायचं, थांब, मागे हो. हिच्या तोंडून इंग्रजीत ओरडणं काही निघेना. शेवटी बाई म्हणाली, तुझ्या भाषेत ओरड. तेव्हा ही दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरून कागदाच्या चोरावर गरजली, "तिथंच थांबा! मागं व्हा!" मला हसू आवरेना. गाडीत मी चिडवलं, चोराला अहो-जाहो करतेस? तर म्हणाली, अनोळखी माणसाला अरे-तुरे कसं करणार?

हिच्या अरे-तुरेची तुम्हाला आठवण असेलच. कॉलेजातली मैत्रीण म्हणून ही मला पहिल्यापासून 'अरे' म्हणायची. लग्नानंतर आपल्या घरात आईनं त्यावरून आठवडाभर तोंड फुगवलं होतं. तुम्ही जेवता जेवता ताटातून मान न उचलता म्हणाला होतात की दोघांनी एकमेकांना काय म्हणायचं ते दोघं बघून घेतील, आमटी वाढा. त्या दिवसापासून ही तुमची झाली. तुमचा कारखान्यातला बिल्ला नंबर हिला माझ्याआधी पाठ झाला होता. रिव्हॉल्व्हरच्या पेटीला चार आकडी कुलूप होतं, त्याला तोच नंबर लावायची कल्पना हिची. सासऱ्यांचा पहारा, म्हणाली.

मग हिचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, मग एक दिवस मुलीचं नाव घेता घेता थांबणं. डॉक्टरनं हिला घड्याळ काढायला सांगितलं. हिनं गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीनं लिहिले. त्यानंतर डॉक्टरनं मला विचारलं, घरात हत्यार आहे का. मी म्हटलं, आहे, कुलपात आहे. ती म्हणाली, घराबाहेर काढा. मी मान डोलावली आणि घरी येऊन काहीही केलं नाही. एक आठवडा, दोन आठवडे, अडीच महिने. वेळ नव्हता असं नाही. ती पेटी उचलून बाहेर नेणं म्हणजे मीच हिला तपासून बाद केल्यासारखं होतं, आणि ते माझ्याच्यानं होईना. माझ्या अकरा रकान्यांमागं सगळी संकटं धरलेली होती, पूर, वादळ, वीज जाणं, दंगल. हीच एक दिवस संकट होईल, याला रकाना नव्हता.

मग एका मंगळवारी सकाळी मी भाजी आणायला जातो. अर्ध्या तासाचं काम. परत येऊन गॅरेजमधून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन स्वयंपाकघरात शिरतो, तर ही समोर ओट्यापाशी उभी आहे. अंगात गाऊन, केस नीट विंचरलेले. दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर. मनगटं शिकवल्याबरहुकूम ताठ, बोट अजून चापाबाहेर. काडतुसांची पाचही घरं मीच भरून ठेवलेली. मी हिला नावानं हाक मारतो. ही माझ्याकडे बघते, अगदी नीट बघते, आणि म्हणते, "तिथंच थांबा. मागं व्हा."

रिव्हॉल्व्हरची भीती मला नंतर वाटली, नाना. आधी ऐकू आलं ते 'व्हा'. पन्नास वर्षांत ही मला कधी, रागाच्या भरातसुद्धा, तसं बोलली नव्हती. नंबर हिला आठवला होता, तुमचा. पेटी कशी उघडायची तेही आठवलं होतं. मी तेवढा त्यातून गळलो होतो.

ही पुन्हा म्हणाली, "माझे मिस्टर येतीलच आता." मला धमकी देत होती. माझीच. मग माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, पण मी म्हणालो, "वहिनी, मी त्यांचा मित्र. त्यांनीच पाठवलंय, भाजी द्यायला." वहिनी म्हटल्याबरोबर हिचा चेहरा सैल झाला. रिव्हॉल्व्हर हिनं मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलं, पदर नव्हता तरी खांद्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "अहो मग आधी सांगायचं नाही का? बसा. चहा टाकते." गॅस पेटवायचा कसा ते हिला आठवेना. चहा मी केला. माझ्याच घरात पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसून मी तो प्यायलो, आणि ही मला आपल्या नवऱ्याबद्दल सांगत होती. फार मोजतात हो ते, म्हणाली. सगळं मोजतात. पण माणूस चांगला आहे.

त्याच दुपारी काका येऊन रिव्हॉल्व्हर आणि सगळी काडतुसं घेऊन गेले. मुलगी नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला असते, तिचा आता रोज फोन येतो. पहिल्या दिवशी तिनं तीनदा विचारलं, "डॅड, इज इट आउट ऑफ द हाउस?" तीनदा मी हो म्हटलं. घरात आता त्यातलं काही नाही, तुमच्या शब्दाप्रमाणे. फार उशिरा पाळला.

हिच्या लेखी मी अजून बहुतेक दिवस तो मित्रच असतो. अधूनमधून एखाद्या सकाळी 'अरे, माझा चष्मा कुठंय' असं ऐकू येतं आणि मी हातातलं टाकून धावतो, पण मी पोचेपर्यंत ते गेलेलं असतं. डॉक्टर म्हणते तेही दिवस कमी होत जातील. बरं होण्यासारखं यात काही नाही, आणि मला आता कुठलीही आशा सांगू नये असं वाटतं. कोणी सांगायला लागलं की मी उठून नळ सोडतो.

आत पलंग कुरकुरला. उठली बहुतेक. हे कागद व्हर्नियरखाली ड्रॉवरमध्ये राहतील, दुसरं कुठं पाठवणार? एकच राहिलंय. मुलीला, काकांना, डॉक्टरला मी सांगितलं की ही 'मागं व्हा' म्हणाल्याबरोबर मी पिशव्या खाली ठेवल्या, हात वर केले आणि दारापर्यंत मागे सरलो. सगळे म्हणाले, बरं केलंत, शांत राहिलात. मी मागे सरलो नव्हतो, नाना. मी एक पाऊल पुढं टाकलं होतं. जवळून माझा चेहरा दिसला तर ही 'अरे, तू?' म्हणेल असं मला वाटलं. आणि नाही म्हणाली तर हिनं चाप ओढला तरी चालेल, असंही वाटलं. मी गेल्यावर या घरात हिला चहा कोण करून देईल, हे त्या पावलाच्या वेळी माझ्या मनात आलंच नाही.