तिसऱ्या घोडीचं वजन

टेन स्लीप, वायोमिंग
४ मे

चि. ट्वायला हिस बाबांचे अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. आपल्या ट्रकने अखेर मान टाकली. नवा पेट्रोलचाच घेणार. वर्षभर चारा, किराणा आणि पोस्ट, एवढ्यासाठी डिझेलचे लाड कशाला? अडतं ते सप्टेंबरात. घोड्यांचा ट्रेलर मागे लावून घाटावरच्या शिकारीच्या तळाला एक दिवस जायचं आणि आठवड्याने एक दिवस यायचं. विक्रेता म्हणतो, छोट्या ट्रकचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन पुरे. माहितीपत्रकात ओढायचा आकडाही भला मोठा छापलाय. माझा जीव मात्र मोठ्या ट्रकमधल्या आठ सिलिंडरच्या धुडावर जडलाय. तुझी आई असती तर एका वाक्यात निकाल लावला असता. यंदा तरी येतेस का तळावर?

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
बाबा

बॉइझी
१२ मे

ती. बाबांस, सा. न.

दोन दिवसांसाठी वर्षभर हत्ती पोसायची हौस तुम्हालाच! टर्बो इंजिन उंचावरच्या विरळ हवेत कमी दमतं, हे मी नीट विचारून घेतलंय. आणि ओपलला कशाला नेता? आईची ती घोडी आता अठ्ठावीस वर्षांची म्हातारी. आई गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलेलंही नाही. ती घरी राहिली तर ओझं आपोआप कमी होईल. खरं सांगू? त्या उतारावर तुम्ही एकटे, या विचारानेच माझी झोप उडते. मला यंदाही रजा मिळेलसं दिसत नाही. रागावू नका.

गुडघ्याला जपा. माया आहेच, ती राहू द्या.
तुमची ट्वायला

टेन स्लीप
२७ मे

चि. ट्वायलास अ. आ.

शेजारच्या एल्डनचा ट्रक मागून आणला, सप्टेंबरसारखं सगळं लादलं आणि धान्याच्या कोठारावरच्या काट्यावर चढवलं. तीन घोडे, खोगिरं, तंबू, लोखंडी चूल, कुत्रा. काटेवाला म्हणाला की म्हातारा चार महिने आधीच निघाला वाटतं. मग छोट्या ट्रकच्या दारावरची, ट्रकने अंगावर किती भार घ्यावा ते सांगणारी चिठ्ठी वाचली. ट्रेलरचा मागच्या हुकावर पडणारा भार, त्यात मी, कुत्रा आणि खोगिरं धरली, की तिची मर्यादा ओलांडते. माहितीपत्रकातला आकडा बहुतेक उपाशी, एकट्या ड्रायव्हरचा असावा! शिवाय चढाचं सोड, उतरताना मागून ढकलणारं ओझं धरून ठेवायला ट्रकही वजनदार लागतो.

ओपलला मागे ठेवता येत नाही, बाळ. आई गेली त्या वर्षी ठेवली होती. मन लागेना म्हणून दोनच दिवसांत परतलो, तर कुंपणाशी उभी, चाऱ्याला तोंड लावलेलं नाही. तेव्हा घोडे तीन, म्हणून इंजिन मोठं. हरलीस!

विजयी बाबांचे आशीर्वाद.

टेन स्लीप
३० जून

चि. ट्वायलास आ.

गुरुवारी सकाळी ओपल गेली. गोठ्यामागे उन्हात आडवी झाली, ती उठलीच नाही. एल्डन ट्रॅक्टर घेऊन आला. तिच्या आवडत्या कुंपणाशीच पुरलं.

तिचे अकराशे पौंड वजा केले, की हुकावरचा भार दारावरच्या चिठ्ठीत बसतो. तेव्हा तुझंच खरं. छोटं इंजिन पुरेल. दहा जुलैला सही करतो. आईचं खोगीर एल्डनच्या बायकोला देऊन टाकावं म्हणतो. घरात फार शांत वाटतं.

बाबा

बॉइझी
४ जुलै

ती. बाबांस, सा. न.

पत्र वाचून गाडीत बसून रडले. ओपलसाठी, आणि त्याहून जास्त तुमच्या त्या वजाबाकीसाठी. आठ वर्षं तुम्ही बोलावता आणि मी रजेचं रडगाणं गाते. काल साहेबांना सांगितलं की सप्टेंबरात मी नसेन; ते नुसतं बरं म्हणाले. इतकं सोपं होतं, याची लाज वाटते.

छोट्यावर सही करू नका. खोगीर कुणाला देऊ नका, त्याचे पट्टे माझ्या मापाला लावून ठेवा. एल्डनकाकांची तांबडी घोडी आठवडाभरासाठी मागून ठेवा; ती ओपलपेक्षा जाडच आहे. घोडे तीन, कुत्रा एक आणि माणसं दोन. परत काट्यावर चढवून बघा, बाबा, मोठंच इंजिन लागेल.

येतेच आहे.
तुमची ट्वायला