म्यूझियमच्या अंगणात लांब रोट्या

५ फेब्रु., गुरुवार
यंदाचा मोहल्ला दिवस मानक नगरचा! निगहत मॅम मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इस बार तुम्हारा मोहल्ला है, तुम ही सँभालो." म्यूझियममध्ये लागल्यापासून पहिल्यांदाच अख्खा कार्यक्रम माझ्याकडे. लोक घरातली जुनी वस्तू आणतात, अंगणात बसून तिच्याबद्दल सांगतात, एवढंच. पण मागच्या वेळी जुन्या शहरातल्या चौकवाल्यांनी अत्तरदाण्या आणल्या होत्या, आजोबांच्या शेरवान्या. रेल्वे क्वार्टरवाले काय आणणार? आपल्याकडे ट्रंकेत मावेल तेवढंच जुनं.
मग सुचलं. आईच्या लांब रोट्या. चौदा एप्रिलला जयंतीच्या जेवणाला ती मागच्या अंगणात उलट्या मडक्यावर करते, तेव्हा शेजारच्या मिश्रा आंटीसुद्धा बघायला कुंपणाशी येतात. कणीक दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत ताणते, आणि अलगद मडक्यावर...
मॅम ऐकूनच खूश. पोस्टर लगेच केलं. आईचं नाव मोठ्या अक्षरात. तिला सरप्राइज.

८ फेब्रु., रवि.
बाबांनी पोस्टर कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकलं. नागपूरहून मामाचं लगेच उत्तर, "काय ताई, पुन्हा रोट्या सुरू? भाऊजींची नोकरी गेली काय?" पुढे हसरे चेहरे, रांगेनं.
आईनं वाचलं. फोन उपडा ठेवला. भाजी चिरायला बसली.
मी म्हटलं, मामा गंमत करतोय गं. तर मान वर न करता, "एवढी शिकली तू. घरात पहिली. अन् मले परत चुलीपुढं बसवून राहिली? लोकांसमोर?"
आजी नागपुरात रस्त्याच्या कडेला याच रोट्या विकायची. मला माहीत होतं. म्हणजे, कधीतरी ऐकलं होतं. आई शाळा सोडून तिच्या हाताखाली बसायची हेही. बाबा रेल्वेत लागले, लग्न झालं, लखनौ आलं, तेव्हा तिची ती चूल सुटली. मी याला वारसा म्हणत होते.
धाकटा भाऊ आदित्य म्हणाला, "दीदी, पूछ तो लेती यार." बरोबर आहे.

१० फेब्रु.
मॅमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मैं बात करूँ अम्मी से?" नको म्हटलं. पोस्टरवरून नाव काढलं. मॅम म्हणाल्या, रोटीच काढून टाकू, हवं तर. मी थांबा म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

११ फेब्रु.
आईला विचारलं, मला शिकवशील? मी करते. तू बसू नको.
"नाही."
का?
"मुद्दाम नाही शिकवलं तुले."
एवढंच. पण पोळी ताटात वाढली ती तूप लावून. म्हणजे राग पुरता उरलेला नाही.

१५ फेब्रु., रवि.
बाबांबरोबर चिनहटला, कुंभारांच्या बाजारात. मी आपली आपणच शिकणार, आईचं मडकं नको. सगळीकडे रंगीत कुंड्या आणि फुलदाण्या, आम्हाला हवं साधं मातीचं मडकं, जाड बुडाचं. बाबा प्रत्येकाला बोटानं टकटक करून कान लावत होते, इंजिन तपासल्यासारखे. दुकानवाला म्हणाला, "भाईसाहब, मटका है, बजाना है क्या?" येताना बाबांनी ते बसमध्ये मांडीवर धरलं. म्हणाले, "तुझी आई बोलेल. वेळ दे तिला." मग उतरताना, "माझंही चुकलंच. मले त्यातलं फक्त जेवण आठवते."

१८ फेब्रु.
मागच्या अंगणात एकटीच. कणीक पातळ भिजवली, हातावर घेतली, थेट पायावर. दुसरी कोपरावरून बाहीत. तिसरी मडक्यावर पोचली, पण अर्धीच.
आई दारात कधी आली कळलं नाही.
"पाणी पाज अजून. अन् आपट तिले. गोंजारून नाही राहत ते."
आपटली.
"जोरानं. तिले काही होत नाही."
जवळ नाही आली. दारातूनच. हात मात्र पदरात घट्ट धरलेले, जणू सुटून येतील.

२२ फेब्रु., रवि.
झालं. सुचेल तसं लिहिते.
अंगण भरलेलं. चूल पेटवली तेव्हा म्यूझियमचे गार्ड शुक्लाजी पाण्याची बादली घेऊन माझ्या मागेच उभे. कॉलनीतल्या लोकांनी सिग्नलचे कंदील, जुन्या शिट्ट्या, हार्मोनियम आणलं होतं. आणि आई आली! निळी रेशमी साडी, पर्स मांडीवर, पहिल्या रांगेत. पाहुण्यासारखी.
माझी पहिली रोटी फाटली. आदित्य ओरडला, "ये तो यूपी का नक्शा बन गया!" दुसरी बरी. तिसरी चक्क लांब.
चौकातल्या एक वयस्क बाई आईकडे वळल्या, "आपके यहाँ ये कौन बनाता था, बहनजी?" माझे हात थांबले. आईनं पर्स दोन्ही हातांनी धरली.
"हमारी माँ. बनाती क्या, बेचती थी. नागपूर में, रास्ते पे. मैं भी साथ बैठती थी. उसी रोटी पे हम पाँच भाई-बहन पले." आणि मग, "धुएँ से आँखें चली गईं उसकी."
लगेच माझ्याकडे बोट करून म्हणाली, "इसको मैंने नहीं सिखाया था. जिद्दी है, इसलिए फाड़-फाड़ के बना रही है."
सगळे हसले. त्या बाईंनी आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.
मला मनातून वाटत होतं, आता आई उठेल, पदर खोचेल, एक तरी करून दाखवेल. नाही उठली. फाटलेल्या रोट्या लोकांबरोबर प्लेटीत घेऊन खाल्ल्या, खुर्चीतच. घरी येईपर्यंत मला कळलं की तसंच हवं होतं.

२५ फेब्रु.
मॅमना त्या दिवशी रेकॉर्ड केलेलं आईचं बोलणं म्यूझियमच्या संग्रहात ठेवायचंय, आजीच्या नावानिशी. कोणीही येऊन ऐकू शकेल. या वेळी आधी विचारलं. आई म्हणाली, "पहिले मले ऐकव."
माझ्या फोनवर लावून दिलं. मागच्या पायरीवर बसून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "माझा आवाज अगदी आईसारखा झाला गं."
ठेवू का, विचारलं.
"तुझा मामाही ऐकेल?"
कोणीही ऐकेल, म्हटलं.
हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. जेवणं झाली. फोन अजून तिच्याकडेच आहे.