टाकीची चढण

सोमवार, ९ मार्च

वहिनीने दादाची सायकल दिली. मी मागितली नव्हती. "भाऊजी, तुम्हीच घेऊन जा. जिन्याखाली दिसली की वाटतं, आत्ता येऊन घंटी वाजवतील." पुतण्याला नको आहे, त्याच्याकडे मोटारसायकल आहे.

चाळीस वर्षांची सायकल. निळी, वाकड्या हँडलची. पुढे दोन चकत्या, मागे पाच. दादाने कुणाला हात लावू दिला नाही. मलाही नाही. मला तर नाहीच!

हातात धरून चालत घरी आणली.

मंगळवार, १०

झोप नाही नीट. एकदाच लिहून टाकतो.

मी सतरा वर्षांचा होतो. पाण्याच्या टाकीची चढण — दोन किलोमीटर, त्यात तिसरं वळण सगळ्यात वाईट. दादा याच, तेव्हा नव्या, सायकलवर पुढे. मी वडिलांच्या बिनगिअरच्या धुडावर मागे. तिसऱ्या वळणावर उतरलो. दादा वळून खाली आला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काय रे उतारू?"

झालं. चाळीस वर्षं तेच नाव. मी पहिली नोकरी सोडली तेव्हा — "आमचा उतारू, अर्ध्यात उतरतो." बायको मला सोडून गेली तेव्हासुद्धा, भरल्या घरात, हसत. आणि सगळे हसले. मी मूग गिळून बसलो. नेहमीसारखा.

आणि स्वतः? दर रविवारी टाकीपर्यंत. "एकदाही पाय टेकला नाही!" आजारी पडला त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत.

शनिवार, १४

दादाला जाऊन आज महिना. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणत असतील, धीराचा माणूस आहे.

ठरवलं आहे. त्याच्याच सायकलवर ती चढण चढायची. न उतरता. मग त्याचा-माझा हिशेब मिटला.

रविवार, १५

पहिल्या वळणापर्यंतसुद्धा नाही! गुडघे पेटले. सत्तावन्न वय, आणि हे गिअर म्हणजे दगड ओढणं. हा कसा चढत होता?

सोमवार, १६

कचेरीत दिवसभर लोकांचे तराजू तपासतो, तर हेही मोजून पाहिलं. पुढची लहान चकती बेचाळीस दात्यांची, मागची सगळ्यात मोठी चोवीस. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक पावणेदोन वेळा फिरतं. मागे बत्तीस दाते लावले तर सव्वाच्या जरा वर. चढणीला तेवढा फरक पुष्कळ.

संध्याकाळी सायकलवाल्याकडे गेलो. म्हातारा आहे, चष्मा दोरीने बांधलेला. आधी हातच लावेना. "अहो, ही चीज आहे! जसंच्या तसं ठेवावं. हिला बत्तीस दाती लावणं म्हणजे म्हाताऱ्या पैलवानाला पाळण्यात घालणं." म्हटलं, पैलवान गेला. आता मी आहे.

मग खाली बसून चेन चाचपली. म्हणाला, चेनला चार कड्या वाढवाव्या लागतील, आणि मागे चेन ताणून धरणारा लोंबता भाग आखूड आहे, लांब शोधावा लागेल. "आठवडा द्या."

शुक्रवार, २०

सायकलवाल्याकडे मागच्या चकत्यांचा जुना संच निघेना. पायडल मारून मारून तो आणखी घट्टच होतो म्हणे. शेवटी शिकंज्यात आवळला आणि आम्ही दोघांनी चाकच गरागरा फिरवलं, तेव्हा सुटला.

त्याने संच रॉकेलमध्ये धुतला आणि चष्मा कपाळावर चढवला. लहान चकत्यांचे दाते झिजून काट्यासारखे झालेले. मोठी, चढणीची चकती मात्र कोरी! वरची चमकसुद्धा गेलेली नाही. "हिच्यावर चेन कधी चढलीच नाही हो. तुमचा भाऊ ती चढण लहान चकत्यांवर मारायचा? मग माणूस नव्हता तो, वाघ होता!"

म्हणजे सोपा गिअर होता आणि दादाला तो लागलाही नाही. मेल्यावरही मला खाली पाडायचं सोडत नाही. घरी येऊन जेवलो नाही.

मंगळवार, २४

वहिनीकडे गेलो होतो. तिने दादाचे रविवारचे बूट पुढे ठेवले. "सायकलबरोबरच राहू देत. फक्त टाकीवर जाताना घालायचे. दर सहा महिन्यांनी मोच्याकडे — तळ पार जायचे."

मी बूट उलटे केले.

सायकल चालवणाऱ्याचा तळ असा जात नाही. पायडलला घासून मध्ये थोडा झिजेल, बस. इथे चवडा पार गेलेला, टाच जवळपास तशीच. चढावर अंग वाकवून, हँडल धरून सायकल ढकलणाऱ्याचा चवडा असा झिजतो. आणि वर ती कोरी चकती!

दादा चालत जात होता.

दर रविवारी. चालत! आणि घरी येऊन — "काय उतारू, येतोस का?"

वहिनीने चहा केला होता. निम्मा तसाच ठेवून निघालो.

शुक्रवार, २७

पुतण्याकडे सगळे जमले होते. दादाच्या गोष्टी निघाल्या. अर्थात तीही निघाली. "बाबा वळून खाली आले तर काका रस्त्याच्या कडेला, सायकल गवतात —" हशा. पुतण्या म्हणाला, "बाबांनी मात्र शेवटपर्यंत पाय टेकला नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

शब्द दातांशी आला होता. वहिनी माझ्याकडेच बघत होती. मी पाणी प्यायलो.

नाही, आज नाही. आधी चढायचं. न उतरता. मग बूट आणि ती चकती टेबलावर ठेवीन आणि सगळं सांगेन. झाकली मूठ फार दिवस झाकून राहिली.

शनिवार, २८

सायकल तयार. सायकलवाला म्हणतो, "आता बत्तिशी दाखवत चढा!" गल्लीत फिरवून पाहिली. पायडल लोण्यासारखं.

रविवार, २९

तिसऱ्या वळणावर उतरलो.

बत्तीस दाते असून. त्याच जागी. गवतही तसंच. पुढे वरपर्यंत ढकलत नेली.

आता कोणत्या तोंडाने सांगू?

सोमवार, ३०

काल लिहिता आलं नाही, ते लिहितो.

वर टाकीचा वॉचमन होता. अठरा वर्षं तिथेच आहे. मला नाही, सायकलला ओळखलं. "ही त्या साहेबांची ना? असेच यायचे, हातात धरून. मी चिडवायचो — काय साहेब, सायकलला फिरायला आणलंत? तर म्हणायचे, माझ्यात दम नाही बाबा. दम बघायचा तर माझ्या धाकट्याचा बघ. तो असता तर न उतरता आला असता."

मी घामाने निथळत होतो. सायकल हातात.

"तुम्हीच का ते धाकटे?"

त्याने माझ्या धुळीने भरलेल्या बुटांकडे पाहिलं.

हो, म्हटलं.