आहेर आणू नये

गंगापूर रोड, नाशिक
२० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादास,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

सायलीच्या लग्नापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. मामा म्हणून माझ्या लेकीला बोहल्यावर आणलंस आणि अक्षता पडताच निघून गेलास. योगेशने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. माझ्यासाठी आणलेली साडी तू काढलीस, ती त्याने परत पिशवीत ठेवायला लावली. सायलीचे सासरचे पुण्याचे, त्यांच्यात आहेराची देवघेव नाही. पत्रिकेत तसं छापलंच होतं. एकाचा घेतला तर दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं, असं त्याला वाटलं. माझं पोरगं चुकलं, पण त्याच्या मनात वाईट नव्हतं.

वहिनींची तब्येत कशी आहे? त्या आल्या असत्या तर योगेशचा कान पिळून साडी मला नेसवली असती.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.
तुझी सगुणा

विंचूर
२४ फेब्रुवारी

चि. सौ. सगुणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोललो की हिच्या कानावर जातं, म्हणून उचलत नाही. योगेशवर राग नाही. पत्रिकेतली ओळ मी हिला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, ते परक्यांसाठी. भाऊ मोकळ्या हाताने गेला तर सगुणाताईंना माहेर उरलं नाही असं दिसेल. अंगात बळ नसताना येवल्याला आली, दुकानात लोडाला टेकून एकेक साडी उघडायला लावली.

घरी आलो तर वाटच बघत होती. काय सांगणार? म्हटलं, ताईने मांडवातच नेसली. आता रोज फोटो मागते. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. शेजारच्या सोमनाथबरोबर साडी पाठवतोय. नेसून एक फोटो काढ.

रंगनाथदादा

नाशिक
२७ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

साडी नेसले, दागिने घातले, गजरा माळला. फोटो योगेशने काढला. पुन्हा पुन्हा काढावा लागला, दर वेळी माझे डोळे भरलेले दिसायचे. सोमनाथच्या मोबाइलवर पाठवलाय. रविवारी आम्ही सगळे येतो, सायलीच्या सासूबाईही यायचं म्हणतात. वहिनींना सांग, साडी नेसूनच येईन.

तुझी सगुणा

विंचूर
१४ मार्च

चि. सौ. सगुणास,
आशीर्वाद.

तू आलीस त्या रविवारी घर माणसांनी भरलेलं, बोलता आलं नाही. आदल्या दिवशी ही गेली, त्याआधी तिने फोटो पाहिला होता. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "हा पडदा तर ताईंच्या घरातला हाय. मांडव नाय हा." तिने माझा हात धरला. "रंग लय शोभतोय त्यांना. मला कळलं म्हणून सांगू नका."

मी तिचं ऐकलं नाही, तुला सांगतोय. हे एकट्याला झेपेना.

दहाव्याला तू बायकांत बसली होतीस, तुला दिसलं नसेल. योगेश दुखवट्याची टोपी-उपरणं घेऊन आला. आपल्या भावकीने दुखवट्याचे आहेर बंद केलेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्याने टोकलं. पोराचा चेहरा उतरला, हात मागे घ्यायला लागला. मी उठलो, टोपी त्याच्या हातून घेतली आणि तिथेच डोक्यावर घातली. मग तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि सगळ्या दिवसांत पहिल्यांदा मीही.

येत जा गं. दार पूर्वी ती उघडायची, आता मी उघडेन.

तुझा दादा