कालच्या भाकरीशी सामना

चोआ चू कांग, सिंगापूर
१२ ऑगस्ट २००६

प्रिय सुचित्राताई,

तुम्हाला आणि अभयभाऊजींना नंदाचा सप्रेम जय भीम. भाऊजींचे गुडघे आणि तुमचा चहा, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते (चहाचं तितकंसं खात्रीने म्हणवत नाही). फोनवर आईंच्या हाताबद्दल नीट सांगता येत नाही, कारण त्या शेजारीच कान देऊन बसतात, म्हणून हे पत्र.

एप्रिलमध्ये त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. प्लास्टर निघालं, पण मूठ काही वळेना. हॉस्पिटलातल्या मुलीने दाबायला एक हिरवा लिबलिबीत गोळा दिला. जे पोटात जाणार नाही ते मळायचं कशाला, म्हणून आईंनी तो आमच्या आर्यनला खेळायला देऊन टाकला आणि रोज एक भाकरी थापायचा व्यायाम स्वतःच ठरवला. स्वतःपुरतं रांधता आलं की नागपूरला आपल्या घरी परतायचं, हा त्यांचा पण. पहिलीला भाकरी म्हणणं हा तुमच्या आईचा अपमान होईल. ती परातीतून तव्यावर हप्त्याहप्त्याने पोचली.

तुमचे बंधुराज पडले बँकेतले. शेजारच्या मिसेस लिमचंही मनगट त्याच सुमाराला मोडलेलं, तेव्हा ह्यांनी फ्रिजवर आलेख चिकटवला: एक रेघ आईंची, एक मिसेस लिमची. मिसेस लिमनी कढई उचलली की हे आईंपुढे तोंड पाडून उभे! आईंनी थोडे दिवस ऐकून घेतलं, मग कागदच उतरवला. म्हणाल्या, "तिचा हात तिच्यापाशी, माझा माझ्यापाशी. माझी कालची भाकरी आण, तिच्याशी बघते मी."

तेव्हापासून घरात नवा कायदा. आजची भाकरी कुणी खायची नाही. ती उद्याच्या भाकरीशेजारी मांडायला राखीव. कडा, जाडी, पापुद्रा, सगळं तपासून झालं की कालची आमच्या ताटात. त्यामुळे आईंच्या हातची भाकरी आम्ही रोज खातो, पण शिळी. (एकदा कालचीच बरी निघाली. आई रुसल्या नाहीत, नुसत्या हसल्या आणि हात शेकत बसल्या. मला रडू आलं, खरं सांगते.) मिसेस लिम आल्या की त्यांना कढई उचलून दाखवायला लावतात आणि डाव्या हाताने मांडीवर थाप मारून शाबासकी देतात. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही.

काल भाकरी टम्म फुगली. आर्यन ओरडला, "आजी, सुपर गुड लाह!" बंधुराजांनी मोबाइलवर फोटो काढला. ताई, मोडक्या हाताशी इतक्या गोडीने वागणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

तुमची,
नंदा

ता. क. प्रबोध पुण्याहून येतोय, त्याच्याबरोबर तुम्ही ज्वारीचं पीठ पाठवणार असं कळलं. ताजं दळून आणू नका. डब्याच्या तळाशी विरी गेलेलं जुनं पीठ असेल, तेच द्या. थापताना चिरा पडल्या पाहिजेत. फोनवर यातलं अक्षर काढू नका. आईंच्या इथे राहायच्या पासाची मुदत अजून डिसेंबरपर्यंत आहे, आणि त्या गेल्या की मला या घरात करमणार नाही.