मागे कोणी नसताना

रविवार, संध्याकाळ

आज खडकीपर्यंत सायकलवर एकटाच जाऊन आलो. सुधाकर मुलीकडे बंगळुरूला कायमचा राहायला गेला, त्यानंतरची ही पहिलीच फेरी. आमचा नियम असा, की खड्डा दिसला की पुढच्याने मागच्यासाठी ओरडायचं. पुढे नेहमी मीच असायचो. आज पुलाच्या अलीकडे सवयीने ओरडलो, "खड्डा!" मागून स्कूटरवरच्या बाई म्हणाल्या, "दिसतोय हो, काका. रोजचाच आहे." ओशाळलो. सुधाकरला फोन करून सांगावं का? हसेल, आणि मग गप्प होईल. नकोच ते.

येताना तोच खड्डा पुन्हा लागला. मागे कोणी नाही ना, हे आधी वळून पाहिलं. मग ओरडलो.