उपाशीपोटीची कोकिळा

चिमणे,

तुझ्या पायाच्या हाडात जंतुसंसर्ग मुक्काम ठोकून बसला होता, तेव्हाची आपली भिंत आठवते? तीन औषधं, तिघांचे नखरे निराळे. एक उपाशीपोटी, एक भरल्या पोटी आणि एक दुधापासून लांब. वेळा चुकत राहिल्या तर पाय वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग मी घड्याळजी काय करणार? दुकानातली तीन घड्याळं आणून टांगली. उपाशीपोटीच्या गोळीला कोकिळेचं. ती ओरडली की तू पांघरुणातूनच किंचाळायचीस, "बाबा, हिचा गळा आवळा!" आणि पेल्यात पाणी ओतून, तोंड वाकडं करून गोळी गिळायचीस.

गोळ्या कधीच सुटल्या. आता तू नोकरीच्या गावी दिवसभर वर्गात उभी राहून शिकवतेस. तुझी आई म्हणते, "काढा ती घड्याळं, डोकं उठतं." मी रोज चावी देतो.

काल सकाळी आपण फोनवर बोलताना कोकिळा ओरडली. तू विचारायच्या आधीच मी ठोकून दिलं, "गिऱ्हाइकाचं आहे, दुरुस्तीला आलंय." म्हणून तर हे पत्र टाकणार नाही, खोटं उघडं पडेल.

 पण तेवढ्यात तिकडे पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

तुझा,
बाबा